वाकडे तास

असत्यभाषणासाठी इंग्रजीत शब्दांची वाण नाही. त्यांतला 'लाय' हा सरळ, रोखठोक शब्द. परंतु 'प्रिव्हेरिकेट' ह्या शब्दाने आम्हांला जितके अस्वस्थ केले, तितके दुसऱ्या कोणत्याही शब्दाने केले नाही. धडधडीत खोटे न बोलता सत्याला बगल देणे, असा त्याचा अर्थ.

शब्द मूळचा लॅटिन. 'वारुस' म्हणजे फेंगड्या पायांचा. त्यावरून वाकडे चालणे ह्या अर्थी क्रियापद झाले. इ. स. 79 मध्ये निधन पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या 18 व्या खंडात सांगतो, की जो नांगऱ्या वाकून नांगरत नाही त्याचे तास वाकडे जाते आणि ह्याच दोषाचे नाव पुढे न्यायसभेतील अपराधाला मिळाले. आरोपीशी आतून संधान बांधणाऱ्या फिर्यादीला रोमन कायदा ह्याच नावाने ओळखी. एक पाय इकडे, एक तिकडे. फेंगडेपण पुन्हा आलेच! लॅटिन बायबलात संत पौलाच्या रोमकरांस पत्रात (4:15) 'उल्लंघन' ह्या अर्थी हाच शब्द आहे. इंग्रजीत मात्र सतराव्या शतकात तो उडवाउडवीच्या बोलण्यावर स्थिरावला.

प्लिनीचे ते वाक्य वाचले आणि आम्हांला वडील आठवले. भाताच्या खाचरात जन्म गेलेला माणूस. तास जरा वाकडे गेले, तर बैल थांबवून मागे वळून पाहणारा. अखेरच्या दुखण्यात तपासणीचा अहवाल आमच्या हाती आला, तेव्हा त्यांनी विचारले, "काय लिहिलंय रे त्यात?"

"डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलंय, बाबा."

ह्यात एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टरांनी खरोखरच तसे सांगितले होते. ते का सांगितले, एवढेच आम्ही गाळले आणि ती दया आहे अशी स्वतःची समजूत घातली.

वडिलांनी पुन्हा विचारले नाही. खिडकीबाहेरच्या बांधाकडे पाहत ते म्हणाले, "उद्या फादरांना बोलाव. पापनिवेदन करायचंय."

फादर आले. दार लोटले गेले. आम्ही बराच वेळ ओट्यावर बसून होतो. घडी घातलेला तो अहवाल आमच्या खिशातच होता.