वाऱ्याची खबर

आमच्या श्रीवर्धनच्या किनाऱ्याला पावसाची खबर पूर्वी तीन वाटांनी यायची. पंचांगातून, कोळीवाड्यातून आणि रेडिओवरून. तिन्ही खबरा एकमेकींशी जुळल्या असं क्वचितच व्हायचं. तरी आम्ही तिन्ही ऐकायचो. ज्याचं पोट आभाळावर, त्याला एका साक्षीदारावर भागत नाही.

पंचांग तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या ताब्यात. 25 मेच्या सुमाराला रोहिणी, 7-8 जूनला मृग, 22 जूनच्या आसपास आर्द्रा, हे त्यांना पाठच होतं. तरी ते दरवर्षी नव्या पंचांगात नक्षत्राचं वाहन बघायचे. बेडूक, म्हैस, हत्ती असला की स्वारी खूश. उंदीर किंवा गाढव निघालं की कपाळाला आठी. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. दाढ कधी पेरायची, आवण कधी काढायचं, हे सगळं त्या हिशेबावर चालायचं. हिशेब दरवर्षी बरोबर यायचा असं नाही, पण कामाला लागायला एक तारीख मिळायची. शेतकऱ्याला तेवढंही पुष्कळ असतं.

कोळीवाड्यातली खबर वेगळी. तिथं कागद नव्हता. रात्री जमिनीकडून सुटणारा मतलई आणि दुपारी दर्याकडून येणारा खारा वारा, ह्या दोघांची पाळी चुकली की म्हातारे कोळी गप्प व्हायचे. भरतीचा हिशेब तर त्यांनीच मला शिकवला. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर चाराचे पाऊण, तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा वाजता. घड्याळ लागत नाही, शाळा लागत नाही. मी 1976 साली दहावी झालो, पण हे गणित कुठल्या पुस्तकात मला भेटलं नाही.

रेडिओवरची बातमी मात्र पावसाळाभर एकाच सुरात यायची. किनाऱ्यालगत जोराचे वारे वाहतील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, बंदरावर तीन नंबरचा बावटा लावला आहे. शेजारचे काका म्हणायचे, "ह्यो बावटा उतरवतात तरी कधी? जून ते ऑगस्ट लावलेलाच दिसतो!" हसायचो आम्ही. पण आई हसायची नाही. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, तेव्हा ती लहान पोर होती. त्या दिवसांत किनाऱ्याकिनाऱ्यानं ऐकलेलं रडणं तिच्या कानात राहिलं होतं. ती म्हणायची, "बावटा फुकट लागला तर लागूदे. नाय लागला तर काय करशील?"

ह्या वाक्याची किंमत मला 11 नोव्हेंबर 2009 ला कळली. फयान वादळ आलं तो दिवस. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे पावसाचं नाव विसरायचे दिवस. भात कापून झालेलं, झोडणी चाललेली, कोळ्यांच्या होड्या लांब गेलेल्या. खबर सुटली होती, पण दर्यात असलेल्या माणसापर्यंत ती पोचवायची कशी? आजच्यासारखे फोन प्रत्येकाच्या खिशात नव्हते आणि असले तरी दहा मैल आत कोण उचलणार? कोकण किनाऱ्यावरच्या कितीतरी होड्या बाहेर होत्या. काही परतल्याच नाहीत. अंदाज करणारा चुकला, असं मी म्हणत नाही. अंदाज केला आणि तो पोचला, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्या दिवशी डोक्यात बसलं.

पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या एका शिबिराला गेलो. तिथं एका तरुण साहेबांनी हवामानाच्या बातमीतले शब्द फोडून सांगितले. आपण 'तुरळक ठिकाणी' ऐकतो आणि सोडून देतो. पण त्या शब्दाला माप आहे. जिल्ह्यातल्या पावसाच्या शंभर केंद्रांपैकी पंचवीस किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस, म्हणजे तुरळक. पन्नासपर्यंत 'काही ठिकाणी', पंचाहत्तरपर्यंत 'बऱ्याच ठिकाणी'. तसंच 'मुसळधार' म्हणजे चोवीस तासांत साधारण 65 मिलिमीटरच्या वर, 'अति मुसळधार' 115 च्या वर, आणि 204 च्या वर गेला तर त्याच्याही पुढचा. मी ते सगळं वहीत लिहून आणलं. तेव्हापासून बातमी कानाला वेगळी लागते. 'तुरळक ठिकाणी' ऐकलं की मी कापणी थांबवत नाही. 'बऱ्याच ठिकाणी' म्हटलं की कापलेलं भात आधी खळ्यात आणतो.

2019 च्या दिवाळीत हे कामाला आलं. क्यार नावाचं वादळ अरबी समुद्रात घोंगावत होतं. ते आमच्या किनाऱ्यावर चढलंच नाही, लांबून निघून गेलं, पण ओटीवर पणत्या आणि अंगणात धो धो पाऊस. माझं हळवं भात आधीच घरात आलेलं. गरवं उभंच ठेवलं होतं. ते आडवं झालं, पण हाती लागलं. ज्यांचं कापून शेतात पसरलेलं होतं, त्यांच्या लोंब्यांना जागेवर कोंब फुटले. त्या वर्षी कितीतरी घरांत भात विकत आणून खाल्लं.

भाताचं ठीक आहे. भात कापता येतं, उचलता येतं, झाकता येतं. पोफळ कुठं उचलून नेणार?

निसर्ग वादळाची खबर आम्हाला दोन दिवस आधीच होती. 1 जून 2020 ला कमी दाबाचं सांगितलं, 2 तारखेला वादळाचं नाव आलं, आणि 3 तारखेला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढणार हेही सांगितलं. वारा ताशी 100 ते 110, झोत 120 पर्यंत. सांगितलं तसंच झालं, अगदी तसंच. एवढा नेमका अंदाज माझ्या जन्मात मी ऐकला नव्हता. किनाऱ्यालगतची माणसं शाळांत, पक्क्या घरांत हलवली. कोरोनाचे दिवस, मुंबईचे चाकरमानी गावात आलेले, तोंडाला फडकी बांधून सगळे एका खोलीत.

आम्ही पडवीचे पत्रे दोरखंडानं बांधले, गुरं सोडली, पाण्याची भांडी भरली. मी मनात तिथीचा हिशेब केला. द्वादशी संपून त्रयोदशी लागत होती, म्हणजे भरती सकाळी साडेनऊ-दहाची. वादळ दुपारचं. पाणी उतरत असताना येणार. जीव जरा खाली बसला. तेच वादळ पुनवेच्या दुपारी भरतीवर आलं असतं, तर दर्या वाडीत शिरला असता.

वारा आधी डोंगराच्या बाजूनं आला, मग फिरून दर्याकडून. दोन्हीकडून झोडपल्यावर झाड काय करील? पोफळी मधूनच कडाकड मोडल्या. माड मुळासकट आडवे. जायफळं उलटी. संध्याकाळी बाहेर आलो तर वाडीतून थेट दर्या दिसत होता. माझ्या साठ वर्षांत आमच्या ओट्यावरून दर्या कधी दिसला नव्हता. नुसता ऐकू यायचा.

गावात जीव वाचले, ते त्या अंदाजानं वाचले. हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. वीज यायला पुढे कितीतरी दिवस लागले, पण माणसं होती.

मग पंचनामे झाले. भरपाईचा दर फळबागेला हेक्टरी पन्नास हजार ठरला. ऐकायला मोठा आकडा. पण आमच्या वाड्या हेक्टरात नसतात, गुंठ्यात असतात. हेक्टरात शंभराच्या आसपास गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. माझी वाडी बारा गुंठ्यांची. त्या बारा गुंठ्यांत पोफळ, पोफळीवर मिरवेल, खाली जायफळ, केळ, मध्ये माड, अशा चार मजल्यांचं उत्पन्न. तो सगळा संसार सहा हजारांत बसवायचा. ओरड झाल्यावर पुढे झाडावर मोजणी करायचं ठरलं, पण तोवर बऱ्याच जणांनी मोडक्या पोफळी तोडून जमीन साफ केली होती. झाड नाही तर मोजणार काय?

मुलगा मुंबईत नोकरीला. तो म्हणाला, "बाबा, आता विकू या. दर्याकाठची जागा आहे, चांगला भाव येतोय. पोफळ लावलीत तर फळ धरायला सहा-सात वर्षं. तुम्ही तोवर..." पुढचं त्यानं गिळलं. मला राग नाही आला. त्याचा हिशेब खोटा नव्हता. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं, तेव्हा तर त्यानं रात्रीतून चार वेळा फोन केला. "अजून लावायचं म्हणता?"

मी त्याला म्हटलं, "खबर देणाऱ्यांनी त्यांचं काम केलं. आता आपलं काम आपण केलं पाहिजे."

लावली. पण पहिल्यासारखी नाही. दर्याच्या बाजूला आधी उंडी आणि भेंडीची दाट रांग घातली, कारण सुरूची झाडं वादळात कशी पडली ते डोळ्यांनी बघितलं होतं. पोफळी नऊ-नऊ फुटांवर, माड पंचवीस फुटांवर, दाटी केली नाही. जायफळ आतल्या अंगाला, घराच्या आडोशाला. मिरवेल आधी कोवळ्या पोफळीवर न चढवता पांगाऱ्यावर चढवली. दरवर्षी मेच्या शेवटी माडाच्या सुक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवून घेतो, डोक्यावरचं ओझं कमी असलं की माड वाऱ्याला जरा टिकतो.

तात्यांचं पंचांग अजून खुंटीला आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी विद्यापीठाचा हवामान सल्ला फोनवर येतो, तो वाचतो. पावसाआधी विजांचा इशारा देणारं 'दामिनी' नातवानं फोनमध्ये घालून दिलंय. आणि कोळीवाड्यातला माझा दोस्त सकाळी रस्त्यात भेटला की मी विचारतोच, "काय रे, वारा काय म्हणतोय?" तो आधी दर्याकडे बघतो, मग खिशातला फोन काढून बघतो, आणि मग सांगतो.

पोफळी आता माझ्या डोक्याच्या वर गेल्यात. पोराचा फोन हल्ली रविवारी येतो. जागेचा भाव सांगत नाही. विचारतो, "पोय धरली का हो?"