दर्यातली खसखस

'दर्यामे खसखस' ही म्हण किनाऱ्यावरच्या माणसानं केली असेल असं मला वाटत नाही. दर्यात पडलेलं नाहीसं होतं, हा समज घाटावरचा. किनाऱ्यावरचा माणूस भरती ओसरली की पुळणीवर काय काय परत आलंय ते पाहत असतो. शिवाय खसखस कोकणातली नव्हे. ती माळव्याकडून येणार, वाण्याकडे पुडीत मिळणार, दिवाळीत अनारशाला जपून लागणार. असली महागाची वस्तू समुद्रात टाकून पुढं काय होतं ते कोण बघणार? म्हणजे म्हण करणाऱ्यानं प्रयोग केलेलाच नाही. दर्याचा पसारा पाहिला आणि हिशेब सोडून दिला.

त्याला दोष तरी कसा द्यावा? आकडे त्याच्याच बाजूचे आहेत. सगळं वातावरण एका अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढीत समुद्राचं वरचं जेमतेम तीन मीटर, म्हणजे दोन पुरुषभर पाणी तेवढंच तापतं. आणि समुद्राची सरासरी खोली साडेतीन हजार मीटरहून जास्त. आपण कोळसा, तेल जाळून सोडलेल्या वायूंनी जी जादा उष्णता अडवून धरली, तिच्यातली 90 टक्क्यांहून अधिक या पाण्यात गेली. हवेच्या वाट्याला एखाद-दुसरा टक्का आला, आणि तेवढ्यावर आपल्या उन्हाळ्यांची ही गत आहे.

तरीही खसखस मोजली गेली. आर्गो नावाच्या मोहिमेतले सुमारे 4000 फ्लोट जगभरच्या समुद्रांत हजार मीटर खोलीवर वाहत असतात. दर दहा दिवसांनी ते दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात, वर येता येता पाण्याचं तापमान टिपतात आणि उपग्रहाकडे धाडतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही आपली संस्थाही या कामात आहे. अंशाच्या हजाराव्या भागातला फरक ओळखणारे हे तापमापक. 1993 नंतर समुद्रात उष्णता शिरण्याचा वेग आधीच्या दुपटीहून जास्त झाला असावा, असं आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या 2019च्या अहवालात आहे. आता ती म्हण वापरायची तर कुणी तरी आकडा विचारणार.

पण माझं घोडं अडतं ते महाभारतात, आदिपर्वातल्या और्वाच्या गोष्टीपाशी. धनाच्या पायी क्षत्रियांनी भृगुकुळ कापून काढलं, पोटातले गर्भसुद्धा सोडले नाहीत. एकीनं आपला गर्भ मांडीत लपवला. तो और्व. त्यानं सगळे लोक जाळायचा संकल्प केला, तेव्हा त्याचे मेलेले पितरच समजूत घालायला आले. आणि सांगितलं काय, तर आम्हाला आयुष्याचा कंटाळा आला होता, मरण येईना, म्हणून धन पुरून ठेवून ते वैर आम्हीच ओढवून घेतलं. इथं मी दर वेळी थबकतो. हे खरं होतं, की पोराचा राग उतरावा म्हणून म्हाताऱ्यांनी मारलेली थाप? एवढी कत्तल आपल्या इच्छेनं झाली, असं कोण म्हणतं? आणि म्हणत असेल, तर त्या बायकांचं काय, ज्यांना कुणी विचारलं नव्हतं?

और्व एवढ्यावर ऐकेना. तो म्हणाला, शब्द फुकट घालवता येत नाही आणि हा राग आवरून धरला तर मलाच जाळेल. पितरांनी तोडगा काढला: पाण्यात सोड. सगळे लोक पाण्याचेच, तेव्हा शब्दही राहील. त्यानं आग समुद्रात टाकली. घोड्याचं तोंड धारण करून ती अजून पाणी पिते आहे म्हणतात. तोच वडवानल.

जुळणी इतकी चपखल बसते की मला तिचाच संशय येतो. और्वाजवळ कारण होतं, आपल्याजवळ फक्त सोय होती. काय टाकतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. समुद्रानं आपले अपराध पोटात घातले असं म्हणावंसं वाटतं, पण पाण्याला कसली क्षमा? ते तापायला वेळ घेतं, वारा त्याला घुसळतो, एवढंच. तापलं की फुगतं, किनारा चढतं. लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडतात. वादळांनाही ऊनच पाणी लागतं. 3 जून 2020च्या 'निसर्ग'नं श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या. त्या एका वादळाचं खापर या उष्णतेवर फोडणं बरोबर नाही, आणि तिचा काहीच हात नव्हता म्हणायलाही जीभ रेटत नाही. धूर आज थांबला तरी पाणी शतकानुशतकं चढत राहणार, कारण ऊब तळाकडे फार सावकाश जाते.

तेव्हा पुढं कधी पितर म्हणून समजूत घालायची पाळी आपल्यावरच येईल. काय सांगणार? आम्ही कंटाळलो होतो, म्हणून मुद्दाम केलं? की आम्हाला ती खसखस वाटली? पहिलं खोटं आहे. दुसरं कधीपर्यंत खरं होतं, ते मला ठरवता येत नाही. आणि और्वाच्या पितरांना मी थापाडे म्हणालो खरा, पण त्यांच्या जागी उभं राहून दुसरं काय बोलता आलं असतं, तेही सुचत नाही.