युरियाच्या पोत्याची खोळ

आमच्या गावी, बेंबळीला गेलो की स्टँडवर कुणीतरी विचारतंच, "तुला पिच्चरमधी चान्स कसा भेटला रं?" विचारणारं पोरगं अठरा-एकोणीस वर्षांचं असतं. मोबाइलवर रील बनवत असतं आणि डोळ्यांत मुंबई असते. त्याला दोन वाक्यांत उत्तर हवं असतं. पण माझ्या चान्सची तारीख ३० सप्टेंबर १९९३ आहे. आमच्या भागात ही तारीख उच्चारली की पुढचं बोलणं सावकाश होतं.

गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. आमच्या माळवदाची माती अंगावर आली, ओसरीच्या भिंतीला बोट जाईल एवढी चीर पडली आणि वडिलांनी, आमच्या आबांनी, आम्हां भावंडांना हाताला धरून अंगणात ओढलं. उजाडल्यावर कळलं की किल्लारीकडं काही राहिलेलं नाही. माझी आत्या त्याच बाजूला दिली होती. आबा घरच्या माणसांना सोडून निघू शकत नव्हते. मी अकरावीत होतो. मी म्हणालो, मी जातो.

एसटीचा पत्ता नव्हता, येईल ती गाडी आधीच भरलेली होती. दुसऱ्या दिवशी पावसानं झोडपायला सुरुवात केली. मी डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ घेऊन स्टँडवर उभा होतो. तेवढ्यात एक जीप थांबली. मदतीचं सामान घेऊन पुण्याहून आलेली माणसं होती आणि त्यांच्यात एक कॅमेरावाला होता. उजनीच्या पुढची वाट त्यांना माहीत नव्हती. मला होती, कारण दर दिवाळीला मी आत्याकडं जायचो. मला बसायला जागा मिळाली ती एवढ्यावर. दहा मिनिटं आधी दुसऱ्या एखाद्या ट्रॅक्टरवर जागा मिळाली असती तर मी आज कुठंतरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी असतो.

वाटेत त्या कॅमेरावाल्याची छत्री वाऱ्यानं उलटी झाली, काड्या मोडल्या. मी खोळ काढली आणि त्याच्या कॅमेऱ्यावर धरली. माझ्या सिनेमातल्या कामाची सुरुवात ती.

आत्याच्या गावात शिरलो तेव्हा गल्ली कुठली आणि घर कुठलं ते ओळखू येईना. आमच्याकडची घरं दगडमातीची, दोन-दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकडी खणांवर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर त्या पहाटे माणसांच्या अंगावर बसलं होतं. भूकंपात गेलेल्या माणसांचा सरकारी आकडा पुढं ७,९२८ असा आला. आत्या कडूनिंबाखाली बसली होती. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, अजून आत होते. मी खोळ टाकली आणि दगड उचलायला लागलो. थोड्या वेळानं पाहिलं तर माझ्या शेजारी तो कॅमेरावाला. कॅमेरा जीपमध्ये ठेवून, बाह्या वर करून दगड देत होता. त्या दिवशी त्यानं एक फूटभरही चित्रीकरण केलं नाही. अंधार पडायच्या सुमारास मामा सापडले. तो पाठमोरा उभा राहिला, आमच्याकडं वळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच त्याला म्हणाली, "घे बाबा, काय घ्यायचं त्ये घे. न्हाय तर लोकांना खरं वाटायचं न्हाय." मग त्यानं कॅमेरा खांद्यावर घेतला. पाऊस होताच. मी पुन्हा खोळ धरली. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, कॅमेरा हलू नये म्हणून तो दम रोखून धरत होता. कधी चित्र घ्यायचं आणि कधी नाही, हे मी तिथं शिकलो. पुढं तीस वर्षं मोठमोठ्या माणसांच्या हाताखाली काम केलं, पण यापेक्षा मोठी गोष्ट कुणी शिकवली नाही.

जाताना त्यानं कॅसेटच्या रिकाम्या खोक्यावर सदाशिव पेठेतला पत्ता लिहून दिला. म्हणाला, बारावी कर, मग वाटलं तर ये.

इथपर्यंत जे घडलं त्यात माझं काही नव्हतं. माझं सुरू झालं १९९५ साली. बारावीला गुण बरे पडले आणि डी.एड.ला नंबर लागला. आमच्याकडं तेव्हा डी.एड.ला नंबर लागणं म्हणजे काय होतं हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. दोन वर्षांत नोकरी, महिन्याला ठरलेला पगार, कोरडवाहू रानावरचा भार कमी. आबांनी पेढे वाटले. आणि मी ते खोकं दप्तरात घेऊन बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत पुण्याच्या एसटीत बसलो.

सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं. कॅमेरावाला खोली सोडून गेला होता, कुठं ते कुणाला ठाऊक नव्हतं. तो मला पुन्हा कधी भेटला नाही. परतीचे पैसे खिशात होते. स्वारगेटवर रात्रभर बसून मी ते मोजले, आणि सकाळी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका दुकानात सनगन धरायला लागलो. सनगन म्हणजे हातात धरायचा दिवा. तो इतका तापतो की तळवा भाजतो, आणि जेवणाच्या पंगतीवर तो धरून उभं राहताना पोटात कावळे ओरडत असतात. लग्नसराई संपल्यावर मालकानं मला अंधेरीत कॅमेरे भाड्यानं देणाऱ्या एका माणसाकडं धाडलं.

भाड्यानं गेलेल्या कॅमेऱ्याबरोबर एक माणूस जातो, तो कॅमेरा अटेंडंट. खोकी उचलायची, लेन्स पुसायच्या, मॅगझिन भरायचं. फिल्मचं मॅगझिन काळ्या थैलीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून, डोळे असून आंधळ्यासारखं भरावं लागायचं. चारशे फूट फिल्म साडेचार मिनिटांत संपायची. भरताना उजेडाची एक फट राहिली तर सगळ्या युनिटची मेहनत पांढरी होऊन परत यायची. ते काम मी सहा वर्षं केलं, मग फोकस पुलर झालो. नटाच्या पायापाशी खडूची खूण, टेपनं मोजलेलं अंतर, आणि तो जसा पुढं येईल तसा लेन्सवरचा हात फिरवायचा. नीट झालं तर प्रेक्षकाला कळतही नाही. चुकलं तर आख्ख्या थिएटरला दिसतं.

एकदा पुण्यात शूटिंग लवकर सुटलं म्हणून आम्ही काही जण लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात गेलो. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची शिल्लक असलेली रिळं दाखवत होते. हौदात ओल्या लुगड्यांनी उभ्या असलेल्या बायका म्हणजे सगळे पुरुष. तारामती झाले होते अण्णा साळुंके. ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा हा माणूस. सिनेमात काम करायला बाई मिळत नव्हती म्हणून हिंडणाऱ्या फाळक्यांना त्याचा नाजूक बांधा दिसला. महिना दहा रुपयांचे पंधरा देतो म्हणाले. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये चित्रपट लागला. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही हेच. लोक एवढंच सांगतात आणि थांबतात. मला मात्र त्या संध्याकाळी एका जाणत्यानं पुढचं सांगितलं: हा माणूस नंतर कॅमेऱ्यामागं गेला, छायाचित्रकार झाला. मी खुर्चीत सरळ बसलो. फाळके त्या खाणावळीत शिरले हा योग होता. पण राम-सीता म्हणून लोकांनी डोक्यावर घेतल्यावर कॅमेऱ्याचं यंत्र शिकायला बसणं ही साळुंक्यांची स्वतःची निवड होती. ती कुणी लादली असेल असं मला वाटत नाही.

ही गोष्ट कामाला आली. एका चित्रपटाच्या सेटवर माझं बोलणं ऐकून दिग्दर्शकानं मला दोन प्रसंगांत उभं केलं. प्रेक्षक हसले म्हणून पुढच्या चित्रपटात मोठं काम देऊ केलं, पैसे फोकस पुलरच्या तिप्पट. भूमिका होती मराठवाड्याच्या बावळट नोकराची. "करायलाव", "जायलाव" एवढं म्हणायचं आणि मार खायचा. माझी आत्या ज्या बोलीत "घे बाबा" म्हणाली, त्या बोलीवर मला हसू विकायचं नव्हतं. नाही म्हणालो आणि खडू हातात घेतला. त्यानंतर काही वर्षांनी 'फँड्री' पाहिला. गावची बोली तिथं दुःखाची, रागाची, प्रेमाची भाषा झाली होती. मी अंधारात रडलो.

त्यातला सोमनाथ अवघडे करमाळा तालुक्यातल्या केमचा. हलगी वाजवताना नागराज मंजुळे यांच्या नजरेला पडला. आधी तो कामाला तयारच नव्हता. पुढं त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सैराट'चा आकाश ठोसर, कुस्ती खेळणारा पोरगा, जेऊर स्टेशनवर दिसला. आमच्या पुण्याच्या वाटेपासून ही गावं लांब नाहीत. त्या हलगीत आणि त्या तालमीत वर्षांची मेहनत होती, ती नजर पडायच्या आधीपासून. दुसऱ्या टोकाला डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, १९६९ साली बेचाळिसाव्या वर्षी चालता व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाले. त्यांना कुणी स्टेशनवर गाठलं नव्हतं.

आता फिल्म गेली, काळी थैली माळ्यावर पडली. डिजिटल कॅमेऱ्याचा फोकस मी चाळिशीत नव्यानं शिकलो. माझं नाव श्रेयनामावलीत येतं तेव्हा लोक उठून बाहेर पडत असतात. त्याचं मला काही वाटत नाही.

वाटतं ते एका गोष्टीचं, आणि स्टँडवरच्या पोरांना मी शेवटी तेवढंच सांगतो. पुण्याला निघालो तेव्हा मी आबांना तोंडानं सांगितलं नव्हतं. डी.एड.च्या प्रवेशपत्राखाली चिठ्ठी ठेवली: "पुण्याला चाललो. शोधू नका." आबा माझा दहावीचा फोटो घेऊन दोन दिवस स्वारगेटवर माणसांना विचारत फिरले. मी तेव्हा तिथून मैलभरावर दिवा धरून उभा होतो. हे आईनं मला तीन वर्षांनी सांगितलं. आबांनी कधीच सांगितलं नाही.

पोरांनो, यायचं तर जरूर या. पण चिठ्ठी ठेवून येऊ नका. बापापुढं बसा, काय सोडतोय आणि कशासाठी, ते त्याच्या डोळ्यांत बघून सांगा, आणि मग एसटीत बसा.