डिस्चार्जनंतरचे महिने

मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद पडली किंवा फुटली, की तिच्यावर अवलंबून असलेल्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. शरीराची एक बाजू लुळी पडते, तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते. वैद्यक याला पक्षाघात म्हणते, तर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या 3 तासांत दिल्यास रुग्णाचे अपंगत्व कमी होते, हे 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीने दाखवले, आणि 2008 मधील युरोपीय चाचणीने ती मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. रक्तवाहिनी फुटलेली असेल तर मात्र हेच औषध जीवघेणे ठरते, म्हणून आधी सीटी स्कॅन आणि मगच इंजेक्शन, हा क्रम चुकवता येत नाही. मालिश किंवा कबुतराच्या रक्ताचा लेप यांत सकाळ गेली, किंवा जवळपास स्कॅनचे यंत्रच नसले, तर ही मुदत वाटेतच टळते.

या पहिल्या तासांत माणसे धावून येतात आणि पैसाही कुठून ना कुठून उभा राहतो. एफडी मोडली जाते, दागिने गहाण पडतात, पतसंस्थेचे कर्ज निघते, आणि जीव वाचवण्याचा प्रश्न असल्यामुळे त्या दिवसांत कोणी हिशेब विचारत नाही, विचारूही नये. पण आजाराचे वेळापत्रक आणि घराच्या पैशाचे वेळापत्रक एकमेकांशी जुळत नाही, आणि खरी शोकांतिका येथेच आहे. मेंदूचे शाबूत भाग गमावलेली कामे नव्याने शिकतात ती सर्वाधिक वेगाने पहिल्या 3 महिन्यांत. म्हणजे फिजिओथेरपीचा, अर्थात हालचाली पुन्हा शिकवणाऱ्या व्यायामोपचाराचा, गुण सर्वांत जास्त येण्याचा काळ तोच असतो, ज्या काळात आयसीयूच्या बिलाने घर रिकामे झालेले असते. सुरुवातीला रोज येणारे फिजिओथेरपिस्ट मग दिवसाआड येऊ लागतात, पुढे आठवड्यातून एकदा, आणि एक दिवस ‘आता घरीच करून घेतो’ असे सांगून तेही थांबवले जाते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी व्यवस्था अनेक कुटुंबांना मोठ्या बिलातून वाचवत आली आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41कक नुसार धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात, शिवाय तातडीच्या प्रसंगी निर्धन रुग्णाकडे डिपॉझिट मागता येत नाही. हे दाखल होतानाच ठाऊक असलेला नातेवाईक विरळा, आणि म्हणून ते पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे. तरीही या साऱ्या तरतुदी रुग्णालयाच्या खाटेभोवती रचलेल्या आहेत. फुले योजनेच्या मूळ रचनेत डिस्चार्जनंतरची सेवा 10 दिवसांपुरती धरलेली होती, आणि पक्षाघाताच्या रुग्णाचा 11 वा दिवस कसा असतो, हे पाहण्यासाठी त्याच्या घरीच जावे लागते.

रात्री दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीवर आणि टाचांवर शय्याव्रण, म्हणजे एकाच जागी दाब राहून पडणारी जखम, होते. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात, म्हणून पाण्यासारखे पातळ पदार्थ ठसक्याबरोबर फुप्फुसात जाण्याची भीती असते. त्याला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घ्यायला लावून, दाटसर पेजेचा अर्धा चमचा भरवायचा, घास उतरल्याची खात्री करायची आणि मगच पुढचा चमचा न्यायचा, असे जेवण पाऊण तास चालते. वाचाघात झालेल्या, म्हणजे शब्दच हरवलेल्या, रुग्णाला पुष्कळदा समोरच्याचे बरेचसे समजत असते, पण भेटायला आलेली मंडळी त्याच्या डोक्यावरून त्याच्याच खर्चाची चर्चा करतात; याहून क्रूर गोष्ट आजारपणात क्वचितच घडत असेल. हे सारे निभावते ती बहुधा पत्नी, सून किंवा नोकरी सोडून आलेली मुलगी, आणि तिचे जागरण, तिचा बुडालेला पगार, तिची दुखरी कंबर कोणत्याही बिलात दिसत नाही.

घरच्यांनाच नीट शिकवले तर हे ओझे पेलेल, असा विचार साहजिक वाटतो आणि तो पद्धतशीरपणे तपासलाही गेला. भारतातील 14 रुग्णालयांत सुमारे 1250 रुग्णांवर झालेल्या आणि 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नातेवाईकांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण देण्यात आले. पण 6 महिन्यांनंतर मृत्यू आणि परावलंबित्व यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत कमी झालेले आढळले नाही. या निष्कर्षाचा अर्थ घरच्यांची सेवा वाया जाते, असा मुळीच नाही, कारण वळवणे, भरवणे, धीर देणे यांवाचून रुग्ण तगणारच नाही. त्यावरून एवढेच दिसते की माया आणि मेहनत यांच्या बळावर तज्ज्ञाच्या कामाची भरपाई होईल, असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे मागणी करायची ती घराकडे नव्हे, व्यवस्थेकडे केली पाहिजे. योजनेची मुदत दिवसांत न मोजता किमान त्या पहिल्या 3 महिन्यांपर्यंत न्यावी, ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आणि वाचोपचारतज्ज्ञ ठरलेल्या वारी तरी हजर असावेत, आणि तेथवर रुग्णाला आणण्याचे रिक्षाभाडे व सोबत येणाऱ्या माणसाची बुडालेली रोजी उपचाराच्या खर्चातच धरली जावी.