पोटात ठेवणारा बाक

पाहुण्याला तो बाक वाटतो, घरच्यांना पेटी. सिंधुदुर्गातल्या आमच्या घराच्या खळ्यात, तुळशीच्या पलीकडे, भर उघड्यावर त्याचा मुक्काम. चार फूट लांब, दीड फूट उंच, अंगाने सागवानी. आलेला माणूस ऐसपैस टेकतो, कोकम सरबत पितो, गावच्या राजकारणावर बोलतो. आपण कोयता, खुरपी, सुंभाची दोरी आणि झाडांना पाणी घालायच्या रबरी नळीवर बसलोय याचा त्याला पत्ता नसतो. बाकही बोलत नाही. पोटात ठेवणं हा त्याचा धंदाच.

मानपान मात्र तो जाणत नाही. ऐन गप्पांत "भावोजी, जरा उठता का? नळी काढायचीय," असं म्हणत कुणीतरी येतं, आणि घरच्या जावयालाही हातातली कपबशी सावरत उभं राहावं लागतं.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि याच्या डोक्यावर छप्पर नाही. हे सोसायला अंगातच तेल असावं लागतं. सागाच्या तांबूस गाभ्यात ते असतं, म्हणून वाळवीही सहसा त्याच्या वाटेला जात नाही. कडेच्या पांढुरक्या लाकडात तो गुण नाही, झाड एकच असलं तरी. पांढरी कड असलेली एक फळी सुतारकाकांनी म्हणूनच बाजूला काढली; ती आता स्वयंपाकघरात डबे सांभाळते.

याचा खरा स्वभाव कळतो तो झाकणात. झाकण हीच बैठक, त्यामुळे भारही त्याच्यावर आणि पाऊसही. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळ्यात हवेतला दमटपणा पिऊन फुगतं, मे महिन्यात आकसतं. फळ्या गच्च भिडवल्या की दिसायला देखण्या, पण जुलैत त्या एकमेकींना रेटतात, झाकण वाकतं आणि बिजागरीचे स्क्रू सैल होतात. फळ्यांमधली फट पाहून आमच्या घरात कुरकुर झाली होती. सुतारकाका रंधा खाली न ठेवताच म्हणाले, "वायच फट ठेवक व्हयी. लाकूड पावसात फुगता."

त्यांनी एका फळीची अर्धी कड दुसरीवर चढवली, म्हणजे वरून फट दिसते पण आरपार नाही. खालून दोन आडव्या पट्ट्या मारल्या आणि त्या पट्ट्यांत स्क्रूसाठी गोल नव्हे, लांबट भोकं पाडली. फळी फुगली की स्क्रू त्या भोकात सरकतो, फळी तडकत नाही. झाकण उलटं करून कुणी बघत नाही, पण सगळी अक्कल तिथेच आहे.

बाकीचं थोडक्यात. झाकणाला पुढच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे पाणी बिजागरीकडे जात नाही. बिजागऱ्या पितळी, स्क्रूही पितळी. लोखंड गंजतं आणि ओल्या सागावर काळे डाग पाडतं. तळाच्या फळ्यांतही फटी, म्हणजे आत शिरलेल्या पाण्याला जायला वाट. लाकूड पाणी पितं ते कापल्या टोकाने, म्हणून पायांखाली कडप्प्याचे तुकडे.

व्हार्निशचा आग्रह करणारे पुष्कळ भेटले. उघड्यावर ते पोपडे धरतं, आणि मग खरवडत बसा. आमचा बाक ऊन खाऊन राखाडी झालाय. मला तो तसाच आवडतो. नव्या सागाचा पिवळट तजेला दिवाणखान्यात शोभतो, खळ्यात नाही.

असा बाक करून घेणार असाल, तर दोन गोष्टी सुताराला आधीच सांगा. झाकणाला आतून अडकणारा टेकू लावा, नाहीतर उघडलेलं झाकण वाऱ्याने मानेवर आपटतं. आणि आपोआप अडकणारी कडी बसवू नका. लपाछपीत पोरं हमखास याच्या पोटात शिरतात. झाकण आतून ढकललं की उघडलं पाहिजे, आणि त्याच्या पुढच्या कडेखाली पोराची बोटं चेंगरणार नाहीत एवढी फट राहिली पाहिजे.