तुमच्या नावाची फाइल तुम्ही पाहिली आहे का?



मार्च आला की घरात दोनच विषय असतात. आपले वर्षाचे मसाले आणि दुकानाचं इयर एंडिंग. सीएंचे फोन सुरू होतात, कपाटातल्या पावत्या शोधल्या जातात. आपण चहा नेऊन देतो आणि स्वयंपाकघरात परत येतो. मग जुलैत कधीतरी हाक येते, "अगं, मोबाइलवर ओटीपी आलाय बघ, सांग जरा." कणकेच्या हातानेच आपण सहा आकडे वाचून दाखवतो.

ते सहा आकडे म्हणजे आपली सही असते. आपल्या नावाच्या रिटर्नमध्ये लिहिलेलं सगळं खरं आहे, असं आपण त्यातून सरकारला सांगतो.

आमच्या नात्यातल्या एका वहिनींच्या रिटर्नमध्ये वर्षानुवर्षं शिवणकामाचं उत्पन्न दाखवलं जात होतं. वहिनींनी आयुष्यात कधी पैसे घेऊन एक ब्लाउजही शिवला नाही. त्या उत्पन्नातून म्हणून त्यांच्या नावावर ठेवी झाल्या. पुढे भाऊ गेले आणि वाटणीचा विषय निघाला, तेव्हा दिरांनी विचारलं, "या ठेवी तुमच्या की दुकानाच्या?" कागद म्हणत होते, वहिनींच्या कमाईच्या. खरं काय ते वहिनींनाच माहीत नव्हतं. ज्या पैशावर म्हातारपण काढायचं, त्याबद्दल त्यांना ठामपणे एक वाक्य बोलता येईना.

हे फक्त कायद्याचं नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यात खोट्या मापांच्या जोडीला विरुद्धराज्यातिक्रमही आहे, म्हणजे राज्याचा नियम डावलून केलेला व्यवहार. रात्री पाणीसुद्धा न पिणाऱ्या आपण, आपल्या नावावर खोटं उत्पन्न लिहिलेलं कसं चालवून घेतो?

नावावर पैसा असणं आणि त्याचा कर आपल्याला लागणं, यातला फरकही समजून घ्या. नवऱ्याने बायकोला पाच लाख दिले आणि तिने ते ठेवीत ठेवले, तर त्याचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. सासऱ्यांनी सुनेला दिले, तर सासऱ्यांच्या. पण माहेरून वडिलांनी दिलेल्या पैशावरचं व्याज मात्र तुमचंच. म्हणून कुठला पैसा कुठून आला, याची एक वही ठेवा. स्त्रीधनाची तर ठेवाच.

आता पॉलिसीचं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ओळखीतला कोणी ना कोणी येऊन म्हणतो, "काकू, टॅक्स वाचेल, एवढी सही करा." त्याला आधी एकच विचारा, माझी फाइल जुन्या पद्धतीत आहे की नव्या? दीड लाखापर्यंतची ऐंशी सी ची वजावट जुन्या पद्धतीतच मिळते. नवी पद्धत आता आपोआप लागू होते. तीत 2025-26 या वर्षासाठी 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. मग पॉलिसीने वाचणार काय? एक लक्षात ठेवा, शेअर विकून झालेल्या नफ्याला ही माफी नाही, त्याचा हिशेब वेगळा होतो. पीपीएफ खातं असेल तर मात्र 31 मार्चच्या आत निदान 500 रुपये भरा, नाहीतर खातं बंद पडतं आणि दंड भरून सुरू करावं लागतं.

दानाबद्दलही बोलायला हवं. मंदिरातली बोली किंवा आहारदान करताना आपण कराचा विचार करत नाही, ते योग्यच. ऐंशी जी ची वजावट फक्त जुन्या पद्धतीत मिळते, तीही मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या पैशावर. रोख 2,000 रुपयांच्या वर दिले तर त्यावर नाही. धान्य, कपडे दिले तर त्यावरही नाही. पण चेक द्यायचा, पावती घ्यायची आणि रोख परत आणायची, याला कोणी दान म्हणत असेल तर त्याला घरातच थांबवा. तुमच्या नावावर होत असेल तर आधी थांबवा.

ज्या मैत्रिणी मसाले, पापड, खाकरा करून विकतात त्यांच्यासाठी एक. उद्यम नोंदणी करून घ्या, ती मोफत होते. मग तुमचा माल घेणाऱ्या दुकानदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात. मुदत उलटून 31 मार्चला बाकी राहिलीच, तर ती रक्कम त्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. हे त्याच्या सीएला चांगलं माहीत असतं. तुम्हाला माहीत असलं की संकोच न करता पैसे मागता येतात.

या महिन्यात एक दुपार काढा. मुलीला किंवा सुनेला शेजारी बसवा आणि आयकराच्या पोर्टलवर आपल्या पॅनने जा. तिथे मोबाइल नंबर आणि ईमेल कोणाचा आहे ते बघा. बहुतेक वेळा तो सीएंचा किंवा मुलाचा निघतो. तो बदलून आपला घाला. मग एआयएस उघडा. आपल्या नावावरचं व्याज, शेअर, घर-जमिनीचे मोठे व्यवहार त्यात दिसतात. गेल्या तीन वर्षांची रिटर्न उतरवून घ्या आणि उत्पन्न कशाचं दाखवलंय तेवढंच वाचा. समजलं नाही तर सीएंना स्वतः फोन करा. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत, त्यामुळे विचारायला निमित्तही चांगलं आहे.

घरचे म्हणतील, "आता या वयात कशाला?" भांडू नका. शांतपणे सांगा, ओटीपी मीच सांगणार, पण आधी वाचणार.