मुकादमकाकांची खूण

बाबा गेले त्या वर्षी संगमेश्वर तालुक्यातलं आमचं सात एकर रान माझ्या नावावर झालं. मी डोंबिवलीत, रानाशी संबंध मे महिन्यातल्या करवंदांपुरता. गावच्या घराचं छप्पर काढायला आलं होतं, म्हणून रान तोडीला द्यायचं ठरवलं. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल असं खाजगी मालकीचंच. काही वर्षांनी तोड द्यायची, ट्रक भरून लाकूड जायचं, बुंध्यांना पुन्हा फुटवे यायचे. मला त्यात वावगं वाटत नव्हतं.

झाडं बघायला ठेकेदाराने मुकादम पाठवले. साठीचे गृहस्थ, उभा जन्म तोडीवर गेलेला. ओहोळाकाठच्या जुन्या बेहड्यापाशी ते थांबले आणि म्हणाले, "ह्यो नको. गरुडाचं घर हाय."

खाली विष्ठेबरोबर पडलेल्या बियांचा सडा होता. वर, दोन-तीन पुरुष उंचीवर, एक लिंपलेली ढोली. काकांनी मला करवंदीच्या जाळीमागे बसवलं. तासाभराने आधी पंखांचा घोंघावता आवाज आला, मग पक्षी दिसला. पुस्तकात ज्याला महाधनेश म्हणतात तो नर. ढोलीच्या चिरेतून आतली चोच बाहेर आली आणि त्याने एकेक फळ तिच्यात ठेवलं. मादी आत स्वतःला लिंपून घेते, महिनोन् महिने त्याच चिरेतून खाते. हे पक्षी ढोली कोरत नाहीत. म्हातारं झाड पोकळ होईपर्यंत कुणीतरी ते राखलेलं असावं लागतं. आमचं ते बहुधा आजोबांनी राखलं असेल.

तोड मी रद्द केली. छप्पर कर्ज काढून घातलं. काकांची त्या हंगामातली मजुरी मात्र बुडाली, आणि त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.

पुढची अकरा वर्षं त्यांनीच मला रान शिकवलं. राखणं म्हणजे नुसता कोयता टाकून देणं नव्हे, असं ते म्हणत. ऐन-किंजळीच्या एका बुंध्यावर सात-आठ फुटवे दाटले की दोन जोमदार ठेवून बाकीचे काढायचे, म्हणजे झाड लवकर मोठं होतं. उंबर, नांद्रुक यांना हात लावायचा नाही, कारण एकाचं फळ सरतं तेव्हा दुसऱ्याचं पिकतं. वठलेलं झाड सुतारपक्ष्यासाठी उभंच ठेवायचं. पडलेलं खोड तिथेच कुजू द्यायचं. पावसाळ्यात जमीन ओली असतानाच रानमोडी मुळासकट उपटायची. गवत वाळलं की कडेने जाळरेषा काढायची, नाहीतर एका वणव्यात सगळी रोपं जातात. पहिल्या वर्षी माझ्याकडून ती काढायची राहून गेली आणि वरचा अर्धा एकर जळाला. काकांनी एक शब्द न बोलता दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर जळकं रान फिरून कुठल्या बुंध्यात जीव उरलाय ते दाखवलं.

काढायच्या झाडांवर ते चुन्याचं बोट ओढत. गेल्या फाल्गुनात त्यांच्या मुलाचा फोन आला. "दादा, बा गेला. लाकडं पायजेत." मी म्हटलं, चुन्याच्या खुणेचे ऐन तोड, आणि गाडी पकडली. पोचलो तेव्हा चिता रचून झाली होती. एका ओंडक्यावर त्यांचं पांढरं बोट अजून दिसत होतं.

संध्याकाळी रानात गेलो. बेहड्याची ढोली लिंपलेली होती.